ताईच्या कुंडीतलं पिवळं पान

...आणि वर मलाच विचारतात, "तुम्ही एवढं केलंत तरी काय त्या झाडांना?" अहो, काय केलं म्हणजे? सगळं केलं, तेच तर चुकलं ना! ताई गुडघ्याच्या ऑपरेशनला निघाली, माझ्या हातात घराची किल्ली दिली, गच्चीतल्या टोमॅटोच्या कुंड्या दाखवल्या आणि म्हणाली, "सकाळी मगभर पाणी घाल. बाकी काही करू नकोस. नुसतं बघ." नुसतं बघायचं होतं हो मला.

आता तुम्हाला सांगतो, हे बाजारातले टोमॅटो नव्हेत. भावोजींनी कुठूनसं बी आणलं होतं, दरवर्षी चांगलंसं फळ निवडून त्याच्या बिया वाळवून ठेवायचे. भावोजी गेले, तेव्हापासून ताई ठेवते. यंदा होतं नव्हतं ते सगळं बी तिनं पेरलं होतं. मला माहीत होतं हे! म्हणून तर एवढी काळजी घेतली.

ती गेली आणि एका झाडाचं खालचं पान पिवळं. मी जन्मभर पंखे-मिक्सर दुरुस्त केलेला माणूस, बिघाड दिसला की हात शिवशिवतात. शेजारच्या काकू कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "तहानलंय हो बिचारं." घातलं पाणी. सकाळी, दुपारी, जाता-येता. तर आणखी पानं पिवळी! गेलो खताच्या दुकानात. दुकानदार पानाकडे न बघताच म्हणतो, "उपाशी आहे साहेब, पोटाला घाला काहीतरी." पिशवीवर चिमूटभर लिहिलेलं, पण आजाऱ्याला चिमूटभर कसलं वाढायचं... मूठभर घातलं. पानांच्या कडा करपल्या. मग आमचा मेहुणा, त्याला मोबाइलमधून सगळं कळतं, तो म्हणाला, "शिरा हिरव्या, मधलं पिवळं ना? लोह कमी पडलंय." लोह? माझ्याकडे लोखंडाला काय तोटा? गंजके स्क्रू खोचले कुंडीभर. नुसतं बघायचं होतं हो मला.

शेवटी मी काय केलं... सांगू का नको... उघडलं. मिक्सर बंद पडला की आपण उघडतोच ना? तसं झाड कुंडीतून उपसलं, मुळं झटकली, उजेडात धरून पाहिली. काळी पडलेली, कुजका वास, आत नुसता चिखल. पाणी जास्त झालेलं! रोग सापडला म्हणून मला इतका आनंद झाला की मी बाकीची झाडंही उघडली. खात्री नको का करायला?

परत बसवली, पण त्यांनी माना टाकल्या त्या टाकल्याच. अख्ख्या गच्चीत उरला एक टोमॅटो, अर्धाकच्चा. तो खिडकीत ठेवला, अजिबात हात लावला नाही, तर लालबुंद पिकला.

ताई घरी आली ती वॉकर टेकत थेट गच्चीत. काटक्यांकडे बघत राहिली. मी सगळं सांगितलं, अगदी त्या पहिल्या पानापासून. म्हणाली, "अरे, सगळ्यात खालचं पान ते. म्हातारं झालं होतं. खुडून टाकायचं, झालं." मग खुर्चीत टेकली. "एखादं फळ तरी राहिलंय का रे? एकातसुद्धा पुष्कळ बी असतं."

आता काय सांगू तुम्हाला... तिच्यासाठी मी बशी तयारच ठेवली होती. चकत्या, वर मीठ-मिरपूड. आणि ताईला मुतखड्याचा त्रास, डॉक्टरांनी टोमॅटोच्या बिया वर्ज्य सांगितलेल्या, म्हणून एकूण एक बी चमच्यानं काढून सिंकमध्ये सोडलं होतं. वरून भरपूर पाणीसुद्धा.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं बशीकडे पाहिलं, एक चकती उचलून खाल्ली. "तुझ्या भावोजींना अशाच आवडायच्या," म्हणाली. "घे, तूही खा." फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

त्या सिंकचा पाइप मागच्या अंगणात उघड्यावर सुटतो. ताई आता रोज सकाळी मला तिथं उभं करते, काही उगवतंय का बघायला. परवा त्या ओलीत एक कोंब दिसला. टोमॅटोचा की तणाचा, देव जाणे. मी जरा वाकलो, तशी वर खिडकीतून ताई म्हणाली, "हात खिशात."

तेव्हापासून हात खिशात घालून उभा असतो मी, सांडपाण्याच्या पाइपासमोर. नुसता बघत.