काकूंच्या लॉनमधला ओक

(एडिसन, न्यू जर्सी, अमेरिका. मे २००७. वसुधाकाकूंच्या घरामागचं लॉन.)

काकू : अगं, पण लॉनच्या मधोमध? काका आले की माझी काही खैर नाही!

नेत्रा : कडेला गॅसची लाइन आहे, काकू. आणि आमच्या बाल्कनीत आता ठेवता येत नाही. अपार्टमेंटच्या मॅनेजरची नोटीस आलीय, शुक्रवारपर्यंत कुंडी हलवा म्हणून. बी पेरल्यापासून तीन वर्षं सांभाळलाय मी.

काकू : त्यापेक्षा नर्सरीतून काहीतरी शोभेचं आणलं असतंस.

नेत्रा : बाहेरून आणलेल्या झाडांना इथल्या अळ्या फारसं तोंड लावत नाहीत. ओकचं झाड इथलंच. त्याच्यावर शेकडो जातींच्या अळ्या जगतात, आणि पक्षी पिल्लांना त्याच भरवतात.

काकू : तरीच हे पान कुरतडलंय. औषध मारू का?

नेत्रा : अजिबात नको! त्यांच्यासाठीच तर लावतोय.

काकू : नागपूरला कॉलेजात अशीच शिकवायचीस ना? इथे नाही का काही काम मिळत?

नेत्रा : मिळालं होतं. पार्कची रोपवाटिका सांभाळणाऱ्या बाईंनी माझी रोपं बघून तिथे नोकरीच देऊ केली. म्हटलं, एच-फोरवर आहे, नवऱ्याच्या व्हिसावर. पगार घेता येत नाही. त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय.

काकू : मग जा की नागपूरला. कॉलेजची रजा आहे ना अजून?

नेत्रा : जूनमध्ये संपते. पण गेले तर परत यायला तिथल्या वकिलातीत व्हिसाचं स्टॅम्पिंग पुन्हा. नाही मिळालं, तर मी तिथे, सौमित्र इथे. ग्रीन कार्डाची फाइल अडकलीय, त्यालाही हलता येत नाही.

काकू : तो काय म्हणतो?

नेत्रा : ‘तुझं तू ठरव’ म्हणाला. मग तीन दिवस टीव्हीकडे बघत जेवला.

काकू : आणि तू?

नेत्रा : सोमवारी राजीनामा मेल केला.

काकू : नेत्रा! एका शब्दाने बोलली नाहीस!

नेत्रा : तुम्ही अडवलं असतंत.

काकू : अडवलंच असतं! डॉक्टर होऊन आले आणि पहिली सहा वर्षं घरात पोळ्या लाटल्या मी. त्या वर्षांचं अजून कोणाजवळ बोलत नाही.

नेत्रा : ...ती जाळी द्या ना. हरणं कोवळा शेंडा खातात.

काकू : कॉलेजचं उत्तर आलं?

नेत्रा : आज सकाळी. दोन ओळी. माझ्या जागी मालिनीला घेतलंय. माझीच विद्यार्थिनी.

काकू : अगं बाई...

नेत्रा : चांगली शिकवते ती. नळ सोडा, काकू. पाइप धरलाय मी.