पुरातली टेलिफोनबाई

— डिंक नको, खळ घे, डिंकानं कागद सुरकुततो. अकरा वर्षं तुम्हा पोरांची प्रोजेक्टं करून घेतेय, एवढं तरी कळतं मला. आणि वायरी अशा कोंबू नकोस गं त्या खोक्यात — पुराच्या दिवशी टेलिफोनच्या बोर्डावर असा गुंता केला असता, तर अख्खं गाव गेलं असतं पाण्यात. बस ना, उभी का? बिस्किटं घे. इतिहास स्पर्धेची नोटीस लागली की मी पुडे आणूनच ठेवते, चार-पाच जण येतात ना — या वर्षी तू एकटीच. बरं, एकटी तर एकटी. हं, लिही: सकाळी सहाला धरणावरून फोन आला, आणि मी — काय झालं? लिहीत का नाहीस?

मोबाइलवर काय दाखवतेस, थांब, चष्मा कुठाय... हजेरीची वही? आमच्या ऑफिसातली? तुला कुणी सांगितलं तिकडे जायला — मी? हो, मीच. ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, कागद शोधा, दरवर्षी घसा कोरडा करते. पण आजवर एक कार्टं गेलं नव्हतं! तू गेलीस. शाबास. नाही गं, रागावले नाही. खरंच शाबास.

पुराच्या दिवसाची सही माझी नाही, बरोबर आहे. धाकट्या बहिणीची आहे. दोघी एकाच ऑफिसात होतो. त्या दिवशी बोर्डावर बसायची पाळी माझी, पण अंगात कणकण होती — छे, कणकण कसली, कंटाळा आला होता. म्हटलं, आज तू जा. गेली बिचारी. खाली जिना बुडाला तरी ही वर बसून घरोघर फोन लावतेय — उठा, टेकडीवर जा, म्हाताऱ्यांना आधी न्या. आणि मी? मी टेकडीवरच होते, कोरडी ठणठणीत. तिनं जन्मात कधी बोलून दाखवलं नाही. माझ्याआधी देवाघरी गेलीही तीच. त्यानंतर ही बेल महिनोन्‌महिने वाजली नव्हती, आणि एक दिवस वाजली — दारात चार पोरं, हातात वह्या. 'पुरातल्या टेलिफोनबाई तुम्हीच का?' नाही म्हटलं असतं तर पायरीवरूनच परत गेली असती गं. हो म्हटलं. या, बसा म्हटलं. तेवढा एक 'हो' अकरा वर्षं पुरला मला.

बघतेस काय? नवा कागद घे, खाडाखोड नको. वहीत आहे तसं तिचं नाव लिही, पूर्ण, मोठ्या अक्षरात. माझी मुलाखत काढून टाक, मी काही पाहिलेलंच नाही. आणि हा पुडा ने, मला एकटीला संपत नाही. पुढच्या वर्षी मुलांनी विचारलं तर — नको, खरं तेच सांग. जा आता. दार ओढून घे. आणि जाता जाता गमतीनं बेल वाजवता ना तुम्ही पोरं, ती वाजवू नकोस. उगीच वाटतं, कुणी आलंय. जा.