येतानाची तिकिटं

भुसावळला रिझर्वेशनच्या रांगेत शेवंताबाईंच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. नवरा फॉर्म भरत होता आणि बायको सांगत होती.

"सिमल्याला जाताना आपण दोघं. येताना तिघं लिहा."

"सहा वर्षं तिघंच लिहितोय, पुष्पा. आपल्या लीलाधरची जागा रिकामीच येते."

"सहलीत तो गेला ती साधी पायवाट. पाइनच्या झाडांतून कुरणात जायचं, वळसा घालून पुन्हा त्याच चहाच्या टपरीपाशी यायचं. त्याच्या कॉलेजातली बठ्ठी पोरं आली ना फिरून, एकूण एक."

"पोलिसांनी रान पालथं घातलं. आपणही दरवर्षी तो फेरा मारतो. यंदा येताना दोघंच लिहितो."

"मग तुमचं एकट्याचंच लिहा. मी टपरीपाशी बसते."