युर्गनच्या गावचा खांब

आमच्या आईला जर्मनी नकाशावर दाखवता येणार नाही, पण तिथल्या एका खेड्याची सगळी भानगड तिला पाठ आहे.

दुबईत अल बर्शाला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये युर्गन राहतो. एका शनिवारी तो आणि त्याची बायको पेट्रा आमच्याकडे चहाला आले. आईचा पहिला प्रश्न ठरलेला, "ह्याचं गाव कुठलं रे?" मी ट्रान्सलेट केलं.

युर्गन खुललाच. नदीकाठी शंभरेक घरं, एक चर्च, मागे डोंगर. मे महिना लागला की गावात अख्ख्या झाडाचा उंच खांब उभा करतात. पण आदल्या रात्री राखण करावी लागते, कारण पलीकडचं गाव तो पळवतं आणि बिअर पाजल्याशिवाय परत देत नाही.

"म्हणजे आपला शिमगाच की," आई म्हणाली. आमच्या गुहागरकडे होळीची लाकडं अशीच पळवतात. "विचार, यांचा खांब गेला होता का कधी?"

युर्गन कपात बघत म्हणाला, "एकदाच. राखणीला मी होतो. डोळा लागला, खलास."

"आणि पळवायला मी आले होते," पेट्रा म्हणाली. "मी पलीकडच्या गावची."

"मग आता सुट्टीत उतरता कुठे?" आईने विचारलं.

"हिच्या माहेरी," युर्गन म्हणाला. "तिथे घर मोठं आहे."

आईने त्याच्या कपात आणखी चहा ओतला आणि मला म्हणाली, "हे त्याला सांगू नकोस हो, पण त्या लोकांनी खांब परत दिला आणि जावई ठेवून घेतला."