तेजलचा नंबर आणि बेडकांची बरणी

...नाय नाय, चहा राहू द्या उज्वला मॅडम, बसतो मी — पण इथं नको, तिकडं दारापाशी बसतो. ती बरणी हाय म्हणून नाय हो! बरणीचं काय एवढं, बेडकाची पिल्लं ती, आत्ता कुठं पाय फुटून उड्या मारायला लागलेली. आणि हे बघा, आज मी शाळा समितीचा अध्यक्ष म्हणून नाय आलो, तेजलचा बाप म्हणून आलोय. तुमचा तो उपक्रम — ओढ्यातनं पिल्लं आणायची, वर्गात वाढवायची, बेडूक झाले की सोडून द्यायचे — लय भारी! पण शनिवारी बरणी पोरांच्या घरी पाठवायची, अन् आज म्हणे तेजलचा नंबर. कुणी काढला? चिठ्ठ्या टाकून? मग परत टाका ना! अध्यक्षाच्या पोरीचा नंबर एवढ्या लवकर लागला, लोक काय म्हणतील?

बरं, लोकांचं सोडा. मागच्या शनिवारी वाल्मीकच्या सार्थकनं बरणी नेली — वाल्मीकची म्हैस आटली! वैरण सोडून नुसती बरणीकडं बघत उभी. आणि त्याची सासू तर रात्री पाणी समजून... जाऊ द्या, तुम्ही जेवायच्या असाल अजून. — काय? त्यांच्याकडं म्हैसच नाय? मग शेजाऱ्याची असंल. म्हैस ती म्हैस.

भीती? कुणाला, मला? मॅडम, अख्ख्या सायखेड्यात विचारा. उसातनं बिबट्या निघाला तेव्हा सगळे पत्र्यावर अन् मी एकटा ट्रॅक्टरवर. द्राक्षाच्या फवारणीचा ब्लोअर सोडला त्याच्या तोंडावर! शिंकत शिंकत गोदावरी पोहून गेला, पलीकडच्या गावात अजून शिंकतोय. तेजलला तोंडपाठ हाय सगळं. रोज झोपताना सांगावं लागतं, आणि रोज बिबट्या वीतभर वाढतो. काय करणार, पोरगी डोळे एवढाले करते. तिची आई? ती बिबट्या निघाला की उठून भांडी घासायला जाते. माझं सगळंच्या सगळं खरं मानणारं माणूस एकच हाय मॅडम, अन् ते दुसरीत हाय.

काय सांगितलं तिनं वर्गात? पप्पा बेडूक तळहातावर घेऊन दाखवणार? सगळ्या पोरांना? सोमवारी?

...नाय, घाम नाय, उकडतंय. तसं नाय हो मॅडम. बिबट्याचं कसं, तो समोरून येतो. ह्यांचं काय खरं नाय. गार असतात. लहानपणी किशोरनं, माझ्या चुलतभावानं, सदऱ्यात एक सोडला होता मागनं — मोठा हो, चांगला भाकरीएवढा. अजून कधी पाठीवर कुणी हात ठेवला की... पावसाळ्यात आमच्या मोरीत आधी बायको जाऊन बघून येते, मग मी. हसा, हसा. पण हे इथंच राहू द्या. आणि तेजलला सांगा, पिल्लांना ताप आलाय. सांगाल ना? तुमच्या वर्गाचा पत्रा गळतोय, त्याचा विषय समितीत अडकलाय ना — तो मी सोमवारीच...

— कोण? अगं तेजल! ये ये. आत्ताच आलीस ना? आत्ताच आली, बघा. काय नाय गं, मॅडमला म्हणत होतो, एवढ्याशा बरणीनं काय होतंय, दोन द्या! नेणार ना, नेणारच. पप्पा कशाला घाबरतील? द्या मॅडम. द्या म्हणतो ना. हां... धरली. तू हो पुढं बाळा, गाडीपाशी थांब. पळ.

मॅडम. बरणीच्या तोंडावरच्या ह्या फडक्याला रबर नाय लावलं तुम्ही.

एक अंगठ्यावर हाय.

नाय, काढू नका, हात लावू नका, बोलूही नका. तुम्ही जा घरी, मी हा असाच उभा राहतो. शाळेला बाहेरनं कुलूप लावलं तरी चालंल. जा म्हणतो ना!