तिने सोडलं नव्हतं

पोटाच्या दवाखान्यात, समुपदेशक बाईंच्या दाराबाहेर माझ्या शेजारी एक आई आणि तिचा विशीतला मुलगा बसले होते.

"आतड्याची सूज उतरली म्हणाले ना डॉक्टर? मग या बाईंकडे कशाला?"

"सूज उतरली गं. पण कुठेही जायचं म्हटलं की आधी संडास शोधतो मी अजून. त्याबद्दल बोलायचंय."

"आमच्याशी बोल की."

"नाही जमत. तिच्याशीही नाही जमलं."

"त्या तुझ्या मैत्रिणीशी? तिचं नाव काढू नकोस. तीन वर्षांपूर्वी आजारी माणसाला टाकून गेली. परवा बाजारात समोर आली, मी तोंड फिरवलं."

"आई, ती नाही गेली. तू मला आवडत नाहीस, असं मीच सांगितलं तिला."

"अरे, पण आवडत होती ना?"

"खूप. पण तिच्या घरच्यांनी जेवायला बोलावलं होतं. ताटावरून सारखं उठावं लागलं असतं. का, ते सांगायची लाज वाटली."

"तिने काही विचारलं नाही?"

"विचारलं. माझं काही चुकलं का, म्हणाली. मी हो म्हटलं."

"अरे देवा. बाजारात हसली रे ती मला. कडेवर बाळ होतं."

दार उघडलं. बाईंनी हाक मारली. तो उठला, दारापाशी थांबला.

"मुलगा आहे की मुलगी?"

"तेवढंसुद्धा बघितलं नाही रे मी."