भरती आणि पाच वाजताचा मोबाइल

...आणि विचारायचं काय, तर ‘बाबा, तुमच्या आयुष्यात सगळ्यात महत्त्वाचं काय?’ हा काय प्रश्न झाला? तोही जेवताना, आईसमोर! तुम्हाला सांगतो, ग्रामपंचायतीत तीस वर्षं कारकुनी केली, भल्याभल्यांना उत्तर न देता परत पाठवलंय मी, पण लेकीपुढे जीभ सैल. ही निशिगंधा, आमची मुलगी, पुण्याहून चार दिवस आंजर्ल्याला आलेली, कंपनीत कसलंसं शिबिर करून... वेळेचं नियोजन म्हणे! मी निवृत्त माणूस, माझ्याकडे वेळेशिवाय आहे काय? तर म्हणते, ‘तेच ना बाबा! दिवस नुसता जातो तुमचा. महत्त्वाचं आधी, बाकीचं नंतर!’ आणि मी तोंडात घास असताना बोलून गेलो, ‘गरवणं.’

गरवणं! गरी टाकून मासे धरणं! छत्तीस वर्षं संसार केलेली बायको समोर आमटी वाढत्येय, आणि मी म्हणतो गरवणं! मथुरा? नुसतं ‘बरं’ म्हणाली. तुमचं लग्न झालंय ना? मग त्या ‘बरं’चा अर्थ मी सांगायला नको.

लेकीनं मोबाइलमध्ये लावून दिलं, रोज संध्याकाळी पाच ते सहा गरवणं, आणि गेली पुण्याला. पहिल्या दिवशी पाचला मोबाइल कोकलला, मी खडपावर, किनाऱ्याच्या खडकांवर, पाणी चढतंय, गरीला दोन तांबोशा! महत्त्वाचं आधी! दुसऱ्या दिवशी एक. आठव्या दिवशी पाचला जाऊन बघतो तर समुद्र आहे कुठे? पार लांब! नुसता चिखल, खेकडे, आणि मधोमध मी गरी धरून... खिशात मोबाइल बोंबलतोय! शेजारचा धोंडू, जन्म होडीत गेलेला, काठावरनं म्हणतो, ‘अण्णा, दर्याला तुमचा टायम सांगितलाव काय?’

अहो, मला काय माहीत नाही? भरती रोज पाऊण तास पुढे जाते हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल! पण मोबाइल बोलला की आपली अक्कल रजेवर जाते. लाज वाटली हो.

मग ठरवलं, महत्त्वाचं आधी म्हणजे आधी! भरती सरकते ना? मग सगळंच सरकवायचं! जेवण आज साडेअकराला, उद्या सव्वाबाराला, परवा एकला. आंघोळ, चहा, दुपारची झोप, सगळं पाण्याच्या मागून. मथुरा म्हणाली, ‘माझा भात समुद्राला विचारून शिजत नाही.’ मी म्हटलं, ‘अगं, महत्त्वाचं...’

‘आधी,’ ती म्हणाली. ‘कळलं.’

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर कागद. हिचा! लेकीला फोन करून केलेला! सातला मैत्रिणींबरोबर फिरणं, दहाला मोगऱ्याची रोपं, तीनला पेटी शिकणं. पेटी? एकसष्टाव्या वर्षी? हिला पेटी आवडते हे मला छत्तीस वर्षांत माहीत नाही! वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? वाचत वाचत खाली आलो, तर अगदी तळाशी... ‘हे. रविवार, चार ते साडेचार. जमल्यास.’

हे म्हणजे मी! जमल्यास!

आणि रविवारची भरती नेमकी चारची. धोंडूचा फोन, ‘अण्णा, तांबोशी लागत्येय, या बिगीबिगी!’ मी गेलो नाही. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, पावणेचारपासून ओटीवर बसलो, मुलगी बघायला आल्यासारखा! ती आली, चहा आणला, पेटीवर बोटं कशी अडखळतात ते सांगत होती, हसत होती... तुम्हाला सांगतो, इतकं बोलणं पाच वर्षांत झालं नव्हतं आमचं. फार बरं वाटलं. आणि साडेचारला टणाटण तिचा मोबाइल! उठलीच. मी म्हटलं, ‘मथुरा, पाचच मिनिटं अजून?’

कागदाकडे बघितलंन, विचार केलान, म्हणाली, ‘पुढच्या रविवारी पावणेपाचपर्यंत बसू. पण बघते हं.’

आणि मी काय म्हणालो? थँक्यू म्हणालो हो... स्वतःच्या बायकोला!